मानकांची स्पर्धा आणि ग्राहकाचा भुर्दंड

भारत संचार निगमाच्या चौथ्या पिढीच्या मोबाइल जाळ्याचे उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथे पंतप्रधानांच्या हस्ते झाले. साडेसत्त्याण्णव हजारांच्या घरातील टॉवर, तेजस नेटवर्क्सची रेडिओ यंत्रणा, सी-डॉटने विकसित केलेला गाभा आणि या साऱ्याची टाटा कन्सल्टन्सीने केलेली एकत्र जुळणी, असा हा देशी संसार आहे. त्याचे कौतुक झाले आणि ते रास्तही होते. परंतु कौतुकाच्या भरात एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात आली नाही. यंत्रे देशी असली तरी ती जी भाषा बोलतात ती देशी नाही. टॉवर आणि हातातील संच यांच्यात कोणत्या लहरीवर, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या खुणांनी संवाद व्हावा, याचे नियम थ्रीजीपीपी या आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर ठरतात. उलट, ज्या पाचव्या पिढीसाठी भारताने स्वतःचे वेगळे मानक तयार केले आणि २०२१ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची मान्यताही मिळविली, ते ‘फाइव्ह-जी-आय’ नामक मानक वर्षभराच्या आत जागतिक मानकात विलीन करण्याचा निर्णय आपण घेतला. हा पराभव म्हणावयाचा की शहाणपण? सहाव्या पिढीच्या मानकांचे काम जगभर सुरू झाले असताना हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांवर सोपवून भागणार नाही. कारण मानक ठरविण्याचा निर्णय मूठभरांचा असला तरी त्याची किंमत कोट्यवधी लोक आपल्या खिशातून मोजत असतात.

महाराष्ट्राला हे रेल्वेच्या उदाहरणावरून चांगले समजावे. निजामाच्या राजवटीत मनमाडपासून हैदराबादकडे मीटर गेजचा लोहमार्ग टाकला गेला. मुंबईकडून येणारा मार्ग मात्र ब्रॉडगेज. परिणामी मनमाडला माल एका डब्यातून उतरवायचा आणि दुसऱ्या मापाच्या डब्यात भरायचा, हा उद्योग कित्येक दशके चालला. ब्रॉडगेजसाठी मराठवाड्याला चळवळ करावी लागली आणि मनमाड-औरंगाबाद मार्गाचे रूपांतर होण्यास १९९० नंतरची वर्षे उजाडली. रुळांचे माप ठरविणारे दरबारी आणि त्यांचे अभियंते केव्हाच काळाच्या पडद्याआड गेले होते. हमालीचा आणि खोळंब्याचा खर्च तेवढा मराठवाड्याच्या व्यापारात मागे राहिला.

मोबाइलच्या जगातही आरंभी असेच निरनिराळ्या मापांचे रूळ होते. १९८० नंतरच्या दशकात नॉर्डिक देशांचे एक, ब्रिटनचे दुसरे, जर्मनीचे तिसरे, फ्रान्सचे चौथे, अशी मानके युरोपात नांदत होती. जर्मनीतील संच सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये गेला की मुका होई. या अव्यवस्थेवर तोडगा काढण्यासाठी युरोपीय टपाल व दूरसंचार प्रशासनांच्या परिषदेने १९८२ मध्ये ‘ग्रुप स्पेसिआल मोबील’ हा अभ्यासगट नेमला. त्याच नावाची आद्याक्षरे म्हणजे आजचे जीएसएम. या गटाची कथा मोठी उद्बोधक आहे. १९८६ मध्ये पॅरिस येथे निरनिराळ्या प्रस्तावांच्या चाचण्या झाल्या. अरुंद पट्ट्याची पद्धत सरस ठरली आणि बहुसंख्य देश तिच्या बाजूने झाले. फ्रान्स आणि जर्मनी मात्र आपापल्या उद्योगांनी पुढे केलेल्या रुंद पट्ट्याच्या पद्धतीला चिकटून राहिले. अखेर मे १९८७ मध्ये बॉन येथे ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी आणि इटली यांच्या मंत्र्यांनी हा तिढा सोडविला. दोन बड्या राष्ट्रांनी आपल्या कारखान्यांचा आग्रह बाजूला ठेवला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोपनहेगन येथे तेरा देशांतील दूरध्वनी-संस्थांनी करारावर सह्या केल्या. युरोपीय समुदायाने त्यासाठी ९०० मेगाहर्ट्झचा लहरीपट्टा राखून ठेवला. १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये पहिला जीएसएम संवाद झाला, तेव्हा या जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला ठाऊक होते की आपला संच एका देशात नव्हे तर सबंध खंडात खपणार आहे. जीएसएमच्या यशाचे खरे बीज तेथे आहे. तंत्र उत्तम होते हे खरेच. पण बाजारपेठ किती मोठी होणार हे आधी ठरले आणि मग संचांच्या किमती उतरल्या.

अमेरिकेने नेमका उलटा मार्ग धरला. तेथील दळणवळण आयोगाने डिजिटल मानक ठरविण्याची जबाबदारी स्वतःकडे घेतली नाही. ज्याला जे योग्य वाटेल ते त्याने वापरावे, असे धोरण स्वीकारले. उद्योगसंघटनेने १९८९ मध्ये कालविभागणीची पद्धत पसंत केली होती. तेवढ्यात सॅन डिएगोच्या क्वालकॉम या नवख्या कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सीडीएमए, म्हणजे संकेतविभागणीची पद्धत प्रत्यक्ष चालवून दाखविली. या दोन पद्धतींतील भेद सामान्य वाचकास कळण्याजोगा आहे. कालविभागणीत एका लहरीवर आठ जणांनी पाळीपाळीने बोलावयाचे, जसे कालव्याचे पाणी शेतकरी पाळीने घेतात. मात्र येथे पाळी सेकंदाच्या अत्यल्प अंशात येते आणि जाते, म्हणून बोलणाऱ्यास ती जाणवत नाही. संकेतविभागणीत सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच पट्ट्यावर बोलावयाचे. प्रत्येकाचा संकेत निराळा. जत्रेच्या कोलाहलातही आपल्या माणसाचा आवाज ओळखू यावा, तसा संच आपला संकेत ओळखतो आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकतो. तितक्याच लहरींत अधिक ग्राहक सामावून घेण्याची शक्ती या दुसऱ्या पद्धतीत होती, हे तिच्या विरोधकांनाही पुढे मान्य करावे लागले.

तरीही जगात ती मागे पडली. फेब्रुवारी २००४ मध्ये जीएसएमच्या ग्राहकांची संख्या शंभर कोटींवर गेली, पुढच्या सव्वादोन वर्षांत ती दुप्पट झाली. ज्या मानकाचे ग्राहक अधिक त्याचे संच स्वस्त, ज्याचे संच स्वस्त त्याला आणखी ग्राहक, असे हे चक्र एकदा फिरू लागले की तांत्रिक सरसपणा त्याला अडवू शकत नाही. अर्थात अमेरिकेचे धोरण सर्वस्वी फसले असे म्हणणेही अन्यायाचे होईल. तिसऱ्या पिढीची वेळ आली तेव्हा जीएसएमच्या छावणीने जे नवे मानक घडविले ते संकेतविभागणीच्याच तत्त्वावर उभे होते आणि त्यावरही क्वालकॉमला रॉयल्टी मिळत राहिली. जीएसएमने बाजार जिंकला, पण जिंकल्यावर घर बांधले ते प्रतिस्पर्ध्याच्या नकाशावर! अमेरिकेने स्पर्धेला वाव दिला नसता तर ते तत्त्व इतक्या लवकर सिद्ध झाले असते की नाही, याची शंकाच आहे. मात्र त्या प्रयोगाचा खर्च अमेरिकी ग्राहकाने केला. एका कंपनीचा संच दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यात चालत नाही, ही अडचण त्याने कित्येक वर्षे सोसली.

आशियातील तीन देशांनी तीन धडे दिले. जपानने आपले वेगळे मानक १९९३ मध्ये अमलात आणले, घरच्या बाजारात ते भरभराटले, संचांत जगाच्या पुढची सोयही आली; परंतु तेथील कारखानदार त्या एकाच बेटावर अडकून पडले आणि जगाच्या बाजारात त्यांना पाय रोवता आले नाहीत. दक्षिण कोरियाने सरकारी पातळीवर सीडीएमएची निवड केली, क्वालकॉमशी करार करून आपल्या संशोधनसंस्थेत ते तंत्र घडविले आणि १९९६ च्या जानेवारीत जाळे सुरू केले. रॉयल्टी भरपूर द्यावी लागली, पण सॅमसंग आणि एलजी या कंपन्या त्या शाळेत शिकून तयार झाल्या आणि नंतर जीएसएमचेही संच विकू लागल्या. चीनने तिसऱ्या पिढीसाठी स्वतःचे मानक काढले, जानेवारी २००९ मध्ये तीन कंपन्यांना तीन निरनिराळी मानके वाटून दिली आणि देशी मानकाचे ओझे आपल्या सर्वांत मोठ्या कंपनीच्या खांद्यावर टाकले. ते मानक चीनबाहेर फारसे चालले नाही. परंतु पुढच्या पिढीत चीनने ते स्वतंत्र न ठेवता जागतिक मानकाचीच एक शाखा म्हणून पुढे केले आणि वाटाघाटीच्या मेजावर आपली खुर्ची पक्की केली. कोरियाने मानक दुसऱ्याचे घेतले आणि कारखाने आपले उभारले. चीनने मानक आपले काढले, ते वेळीच सोडले आणि त्याच्या बदल्यात वजन मिळविले. जपानला सोडावयाचे केव्हा हे कळले नाही.

या पार्श्वभूमीवर भारताची कहाणी पाहावी. १९९४ च्या दूरसंचार धोरणानंतर मोबाइलचे जे परवाने दिले गेले, त्यांत जीएसएमची अट होती. ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्यातून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी पहिला संवाद साधला. दर मिनिटाला आठ रुपये चाळीस पैसे, गर्दीच्या वेळी त्याच्या दुप्पट, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे! शिक्षकाच्या वा कारकुनाच्या आवाक्यातील ही वस्तू नव्हतीच. १९९९ च्या नव्या धोरणाने परवानाशुल्काच्या जागी उत्पन्नातील वाटा आणला आणि त्याच वर्षी ‘तंत्रनिरपेक्षता’ हा शब्दही आला. कोणते तंत्र वापरावे हे सरकार सांगणार नाही, असा त्याचा अर्थ.

हा शब्द ऐकावयास मोठा निर्मळ आहे. व्यवहारात त्याचा उपयोग निराळाच झाला. जानेवारी २००१ मध्ये तारेच्या दूरध्वनीचा परवाना असलेल्या कंपन्यांना शेवटच्या टप्प्यात तारेऐवजी बिनतारी जोडणी देण्याची आणि ‘मर्यादित फिरती’ सेवा पुरविण्याची मुभा मिळाली. मर्यादा म्हणजे साधारण तालुक्याएवढे क्षेत्र. यासाठी सीडीएमए सोयीचे होते. मोबाइलच्या परवान्यासाठी जीएसएम कंपन्यांनी मोठमोठ्या बोली लावल्या होत्या. आता त्याच बाजारात दुसरे लोक मागील दाराने येत आहेत, अशी तक्रार घेऊन त्या न्यायाधिकरणात आणि सर्वोच्च न्यायालयात गेल्या. वाद चालू असतानाच डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्सने आपली सेवा सुरू केली. पोस्टकार्डापेक्षा स्वस्त संवाद, ही तिची जाहिरात घरोघरी पोहोचली. २००३ च्या पावसाळ्यात तर ५०१ रुपये भरून संच घरी नेता येत होता. त्यापूर्वी मे महिन्यात येणारे कॉल मोफत झाले होते. तालुक्याची मर्यादा कागदावरच राहिली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये सरकारने एकत्रित परवान्याची पद्धत आणून, कंपनीकडून दंडासह शुल्क घेऊन, जे घडले होते त्याला कायदेशीर केले.

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. दोन मानकांच्या स्पर्धेमुळे दर उतरले, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुतः दर उतरले ते नव्या, मोठ्या भांडवलाच्या कंपनीने मक्तेदारीच्या जवळपास पोहोचलेल्या बाजारात उडी घेतल्यामुळे. तिने जीएसएम वापरले असते तरी हेच झाले असते. पुढे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने सर्वमान्य मानकावर उभे राहूनच दरांची पुन्हा अशी पडझड घडविली, हा त्याचा पुरावा. स्पर्धा कंपन्यांची होती, परवान्यांची होती. मानक हे तिचे निमित्त होते. शिवाय ज्या सरकारने तंत्राविषयी निरपेक्ष राहण्याचे ठरविले होते, त्याने लहरींचे वाटप करताना मात्र भेद केला. जीएसएम कंपनीला आरंभी ४.४ मेगाहर्ट्झ आणि सीडीएमए कंपनीला अडीच. ज्याची भूक कमी त्याच्या ताटात कमीच वाढावे, हा न्याय असेल तर काटकसरीचे तंत्र आणण्यात कंपनीला लाभ तो काय?

तरीही २००७ च्या सुमारास देशातील मोबाइलधारकांपैकी चौथा हिस्सा सीडीएमएवर होता. टाटांचा ‘वॉकी’ तर दिसावयास घरातल्या दूरध्वनीसारखा आणि आतून मोबाइल. तारेची जोडणी मिळण्याची वाट पाहून थकलेल्या अनेक मध्यमवर्गीय घरांत तो मोठ्या मानाने दिवाणखान्यात विराजमान झाला. पण या संचांची एक खोड होती. जीएसएमच्या संचात सिमकार्ड असते. ते काढून दुसऱ्या कंपनीचे घातले की ग्राहक मोकळा. सीडीएमएच्या बहुतेक भारतीय संचांत तसे कार्ड नव्हते. क्रमांक संचातच भरलेला. कंपनी सोडली की संच टाकून द्यावयाचा. आपण फोन विकत घेतला, असे ग्राहकास वाटत होते; अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्याने कंपनीशी बांधिलकी विकत घेतली होती. दुसरीकडे जीएसएमचे टॉर्चवाले साधे संच जगभर कोट्यवधींनी खपत होते आणि त्यामुळे स्वस्त होत होते. २००६ मध्ये खुद्द रिलायन्सनेच क्वालकॉमकडे रॉयल्टी कमी करण्याची जाहीर मागणी केली आणि ऑक्टोबर २००७ मध्ये जीएसएमची परवानगीही मिळविली. कर्णधारानेच नावेतून एक पाय बाहेर टाकल्यावर उतारूंनी काय समजावयाचे ते समजावे.

त्यानंतरची दहा वर्षे म्हणजे सीडीएमएच्या अस्ताची वर्षे. कंपन्यांनी नवे संच आणणे थांबविले, जाळ्याकडे दुर्लक्ष केले आणि २०१६-१७ च्या सुमारास ही सेवा जवळजवळ संपुष्टात आली. आता हिशेब पाहावा. सीडीएमएसाठी दिलेला ८०० मेगाहर्ट्झचा लहरीपट्टा वाया गेला नाही. तो चौथ्या पिढीसाठी उत्तम ठरला. रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या त्या लहरी भागीदारीच्या व्यवहारांतून जिओच्या जाळ्याला उपयोगी पडल्या. टॉवर उभेच होते, जमिनीतील काचतंतू होतेच. ही सारी मालमत्ता नव्या मानकाशी जुळवून घेता आली. ग्राहकाच्या हातातील संच मात्र जुळवून घेता आला नाही. तो बाद झाला आणि त्याची भरपाई कोणी दिली नाही. रिलायन्स कम्युनिकेशन्स पुढे दिवाळखोरीत निघाली, टाटांचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाला, तेव्हा भागधारकांच्या आणि बँकांच्या नुकसानीवर रकानेच्या रकाने लिहिले गेले. त्या संचांची बेरीज कोणी मांडली नाही, कारण प्रत्येक घरातील नुकसान दीड-दोन हजारांचे, आणि एवढ्यासाठी न्यायाधिकरणात कोण जातो?

म्हणून ‘फाइव्ह-जी-आय’चा प्रश्न भावनेने सोडविता येत नाही. त्या मानकामागची प्रेरणा उत्तम होती. मद्रास आणि हैदराबाद येथील आयआयटींतील तंत्रज्ञांनी भारतातील खेड्यांची रचना विचारात घेतली. दूरदूर विखुरलेली वस्ती, कमी वेगाने फिरणारा ग्राहक, आणि कमीत कमी टॉवरांत जास्तीत जास्त क्षेत्र व्यापण्याची गरज. या गरजेला आंतरराष्ट्रीय संघाने मान्यताही दिली. परंतु केवळ भारतासाठी निराळे संच आणि निराळी यंत्रे बनवावी लागली असती तर त्यांची किंमत वाढली असती आणि ती खेड्यातील ग्राहकालाच द्यावी लागली असती. खासगी कंपन्यांनी विरोध केला, त्यात स्वार्थ होता. पण स्वार्थी माणूसही कधी कधी बरोबर असतो. २०२२ मध्ये भारतीय सूचनांतील महत्त्वाचा भाग जागतिक मानकात समाविष्ट झाला आणि वेगळी चूल मांडण्याचा विचार संपला. ही तडजोड योग्यच होती. देशी यंत्रणा, देशी कारखाने आणि मानकाच्या सभेत देशी तंत्रज्ञांचा आवाज या तिन्ही गोष्टी हव्यात; देशी मानक त्यांवाचून निरर्थक आणि त्या असल्यास अनावश्यक. मार्च २०२३ मध्ये जाहीर झालेल्या सहाव्या पिढीच्या आराखड्याची परीक्षा याच कसोटीवर व्हावयास हवी. किती पेटंटे नोंदविली या आकड्याला फारसा अर्थ नाही. त्यांतील किती मानकात गेली, हे पाहावे लागेल.

परंतु सर्वांत निकडीचा प्रश्न सहाव्या पिढीचा नाही. तो दुसऱ्या पिढीचा आहे. जिओने जुलै २०२३ मध्ये आपला स्वस्त संच बाजारात आणला तेव्हा देशातील सुमारे २५ कोटी लोक अजून दुसऱ्या पिढीच्या फोनवर असल्याचे सांगितले होते. त्यानंतर त्याच कंपनीने नियामक प्राधिकरणापुढे दुसरी आणि तिसरी पिढी बंद करण्याचे धोरण सरकारने आखावे, अशी भूमिका मांडली. जिओचे स्वतःचे जुन्या पिढीचे जाळे नाही, प्रतिस्पर्ध्यांचे आहे. तेव्हा या मागणीतील आर्थिक रस उघड आहे. तरीही एक ना एक दिवस हे जाळे बंद होणार, हे नाकारण्यात अर्थ नाही. ब्रिटनमध्ये सरकार आणि कंपन्या यांनी २०३३ ही अंतिम मुदत बारा वर्षे आधी जाहीर केली. अमेरिकेत एका बड्या कंपनीने २०१७ च्या आरंभी दुसरी पिढी बंद केली आणि २०२२ मध्ये तिसरी बंद झाली, तेव्हा घरांतील धोक्याच्या घंटा आणि मोटारींतील संकटकालीन यंत्रे निकामी होऊ लागल्याचे लक्षात आले. भारतात अशी देशव्यापी तारीख ठरलेली नाही.

ती ठरविण्यापूर्वी सरकारने एक हिशेब मागितला पाहिजे. जुने जाळे बंद झाले की त्याच्या लहरी मोकळ्या होतात आणि कंपनी त्यांवर नव्या पिढीची, अधिक उत्पन्नाची सेवा चालविते. हा लाभ पूर्णपणे कंपनीचा आणि संच बदलण्याचा खर्च पूर्णपणे ग्राहकाचा, ही वाटणी सीडीएमएच्या वेळी झाली तशी पुन्हा होता कामा नये. मोकळ्या होणाऱ्या लहरींच्या मूल्यातून जुन्या संचांच्या बदल्यात नवे संच देण्याचा खर्च भागवावा, किमान पाच वर्षांची पूर्वसूचना द्यावी आणि तोवर जुन्या फोनवरील संवादाचे दर वाढवून ग्राहकाला हुसकून लावू नये, एवढ्या अटी घालण्यास प्राधिकरणाला नवा कायदा लागू नये. प्रश्न इच्छेचा आहे.

आणि हा हिशेब केवळ फोनपुरता करून चालणार नाही. दुकानांतील कार्ड घासण्याची जुनी यंत्रे याच जाळ्यावर चालतात. महाराष्ट्रात रात्रीची वीज आली की शेतकऱ्याने अंधारात विहिरीवर जाऊ नये म्हणून पंपाच्या पेटीत मोबाइल स्टार्टर बसविण्याची पद्धत आता रुळली आहे. घरून कॉल केला की मोटर सुरू होते. त्या पेट्यांपैकी पुष्कळांतील सिमकार्ड दुसऱ्या पिढीचे आहे. किती पेट्या, कोणत्या तालुक्यांत आणि बदलण्याचा खर्च किती, याची मोजणी सरकारने तारीख जाहीर करण्याच्या आधी करावयाची आहे.